काठाकाठाने तंजावरपर्यंत

गेल्या जानेवारीत आम्हां उभयतांना आठ दिवसांची सवड एकाच वेळी मिळाली. वाक्य लिहावयास सोपे आहे. पण ती सवड जुळून येण्यास दीड वर्ष लागले. माझी पत्नी बँकेत अधिकारी असून बदलीमुळे ती चेन्नईस राहते. माझे काम दिल्लीतील एका संपादकीय कचेरीत. हिंदी-इंग्रजी मजकूर मराठीत आणणे हा माझा नित्याचा व्यवसाय. आमची सात वर्षांची मुलगी त्या वेळी साताऱ्यास आपल्या आजी-आजोबांपाशी होती. एका कुटुंबाची तीन गावी तीन बिऱ्हाडे! नोकरीनिमित्त आपला प्रांत सोडलेल्या कितीतरी कुटुंबांची आज हीच स्थिती आहे. तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

मुलीला साताऱ्यास ठेवण्याचा आग्रह माझा होता. चेन्नईच्या शाळेत ती तमिळ शिकेल, इंग्रजी शिकेल. मराठी मात्र आईशी बोलण्यापुरती उरेल आणि चार-पाच वर्षांत तेवढीही उरणार नाही, असे माझे म्हणणे. ज्याचे पोटच मराठीवर आहे त्याच्या घरातून मराठी जावी, ही कल्पना मला सहन होत नव्हती. पत्नीने माझ्याशी वाद घातला नाही. पण तिला ते पटलेही नव्हते. येत्या जूनमध्ये मुलीला कोठे ठेवावयाचे, हे या आठ दिवसांत ठरवावे असा आमचा बेत होता. प्रत्यक्षात निघताना दोघांपैकी कोणीच तो विषय काढला नाही.

वाट आणि वेळ

आमचा मार्ग असा होता : चेन्नईहून महाबलीपुरम, पुदुच्चेरी, कडलूर, चिदंबरम, पूम्पुहार, तरंगमबाडी, कारैकाल, नागूर व नागपट्टणम; आणि तेथून समुद्राकडे पाठ करून तिरुवारूरवरून तंजावर. अंतर सारे मिळून सुमारे चारशे किलोमीटर. आजच्या मोटारीला हे एका दिवसाचे काम. आम्ही त्याला पाच दिवस दिले आणि तेही थोडे वाटले.

हा प्रवास करू इच्छिणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर येतो. वादळेही बहुधा त्याच सुमारास उठतात. म्हणून डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. तेव्हा हवा सौम्य असते आणि कावेरीच्या खोऱ्यात भातशेते डोलत असतात. देवळे दुपारी बंद होतात व चारच्या सुमारास उघडतात. त्या बेताने मुक्काम आखावेत. समुद्र दिसावयास शांत असला तरी त्याची ओढ फार. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

मोटार पत्नीची, लहानशी. ती चालविण्याचे काम तिच्याकडे आणि वाटेतील पाट्या वाचण्याचे माझ्याकडे, अशी वाटणी आम्ही केली होती. पण शहर मागे पडल्यावर आतल्या रस्त्यांवर पुष्कळशा पाट्या केवळ तमिळमध्ये लागू लागल्या. तेव्हा तेही काम तिच्याकडेच गेले. दीड वर्षात ती तमिळ वाचावयास शिकली होती, हे मला त्या दिवशी कळले. अक्षरांवर जगणारा मी मांडीवर नकाशा घेऊन निरक्षरासारखा बसून राहिलो.

मामल्लाचे पाषाण

चेन्नईहून दक्षिणेस निघालेला ईस्ट कोस्ट रोड समुद्राला फार वेळ सोडून जात नाही. डाव्या हाताला सुरूची बने, त्यांच्या फटींतून चकाकणारे पाणी, उजवीकडे खाड्या आणि त्यांत एका पायावर उभे असलेले बगळे. साठेक किलोमीटरांवर महाबलीपुरम लागते. सातव्या शतकातील पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याचे ‘मामल्ल’ असे बिरुद होते. त्यावरून या गावाला मामल्लपुरम म्हणतात. येथील पाच रथ म्हणजे बांधलेली देवळे नव्हेत. उभे खडक वरून खाली कोरीत आणून त्यांना रथांचे रूप दिले आहे. लोकांनी त्यांना पांडवांची व द्रौपदीची नावे दिली. समुद्रकाठचे मंदिर त्यानंतरचे, दुसऱ्या नरसिंहवर्म्याच्या काळातले, चिरे रचून बांधलेले.

आम्ही अधिक वेळ उभे राहिलो ते त्या भव्य शिलापटासमोर. सुमारे एकोणतीस मीटर लांब व तेरा मीटर उंच अशा खडकावर देव, गंधर्व, ऋषी, हत्ती, हरिणे यांचा मेळाच भरला आहे. कोणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतात, कोणी गंगावतरण. हत्तींच्या पुढ्यात एक मांजर दोन पाय वर करून तपाला बसले आहे आणि उंदीर त्याला भक्तिभावाने न्याहाळीत आहेत! तेराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा तो विनोद पाहून पत्नी मनापासून हसली. “हे तिला दाखवावयास हवे होते,” ती म्हणाली. ‘तिला’ म्हणजे कोणाला, हे विचारावे लागले नाही.

गावातून छिन्नीचा टकटक आवाज आजही ऐकू येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिल्पकारांच्या शाळा आहेत आणि त्यांत नव्या देवळांच्या मूर्ती घडत असतात. पल्लव गेले, त्यांची राजभाषा गेली. हाताची विद्या मात्र राहिली.

दोन भाषांच्या पाट्या

पुढे मरक्काणमजवळ मिठागरे लागतात. उन्हात पांढऱ्या ढिगांच्या रांगा लखलखत असतात आणि त्यांच्या मधून माणसे लांब दांड्यांची फावडी ओढीत फिरत असतात. ती मागे टाकून संध्याकाळी आम्ही पुदुच्चेरीस पोहोचलो.

येथे फ्रेंचांनी १६७४ साली वखार घातली. मध्यंतरीचे काही काळ सोडले तर १९५४ पर्यंत त्यांचा अंमल येथे होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कीळूर येथे लोकप्रतिनिधींचे मतदान झाले. १७८ पैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्यास अनुकूल मत दिले आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताकडे आला. कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी पुरे झाले. मते मोजून एक वसाहत संपली, ही गोष्ट आजच्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

समुद्राजवळच्या भागात पिवळ्या भिंतींची फ्रेंच घरे आहेत. कालव्यापलीकडे ओसऱ्यांची तमिळ घरे. रस्त्यांच्या नावांच्या निळ्या पाट्यांवर फ्रेंच आणि तमिळ शेजारी शेजारी नांदतात. ब्रिटिश सत्तेच्या हातून निसटून ज्यांनी या गावाचा आश्रय घेतला त्यांत तमिळचे महाकवी सुब्रह्मण्य भारती होते. १९०८ ते १९१८ अशी दहा वर्षे ते येथे राहिले. १९१० साली श्रीअरविंद आले ते अखेरपर्यंत, म्हणजे १९५० पर्यंत येथेच होते. जन्माने बंगाली, शिक्षण विलायतेत, बडोद्यास असताना मराठी व गुजराती शिकलेले, आणि चाळीस वर्षे तमिळ गावात! रात्री समुद्राकाठच्या बाकावर बसून मी हे सारे पत्नीला सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, “मग त्यांच्या बंगालीचे काही बिघडले काय?” मला पटकन उत्तर सुचले नाही. लाटांचा आवाज होता, म्हणून ते खपून गेले.

तोफगोळ्याची गावे

पुदुच्चेरीच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरांवर जिंजीचा किल्ला आहे. शिवछत्रपतींनी तो १६७७ साली घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी त्याच्याच आश्रयाने मोगलांशी कित्येक वर्षे झुंज दिली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान दिले त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. वाट वाकडी करावयास वेळ नव्हता; पण त्याच इतिहासाचा एक धागा आम्हांला समुद्राकाठीही सापडला.

कडलूरजवळचा सेंट डेव्हिडचा किल्ला इंग्रजांनी १६९० साली मराठ्यांकडून विकत घेतला. सौद्यात असे ठरले, की किल्ल्यावरून तोफ डागावी व गोळा जेथवर पोहोचेल तेथवरची गावे इंग्रजांची. तोफ डागली गेली. त्या टापूतील खेडी पुढे ‘तोफगोळ्याची गावे’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या गावांतील माणसांना कोणी काही विचारले नसणार. सकाळी एका धन्याच्या राज्यात ती जागी झाली आणि रात्री दुसऱ्याच्या राज्यात निजली. कीळूरचे मतदान आणि कडलूरचा तोफगोळा यांत अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांचेच असेल. काळाचे मात्र अडीचशे वर्षांहून अधिक.

दुपारी चिदंबरमला नटराजाचे दर्शन घेतले. येथे गाभाऱ्यात मूर्तीशेजारी एक पडदा आहे. तो दूर केला की मागे सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा आणि रिकामे आकाश दिसते. हेच ते चिदंबरमचे रहस्य. तेथून जवळच पिच्चावरम येथे खारफुटीचे विस्तीर्ण रान आहे. वल्ह्याच्या होडीतून अरुंद पाणवाटांनी त्यात शिरता येते. दोन्हीकडून मुळ्यांच्या कमानी पाण्यात उतरलेल्या असतात. होडीवाला बोलावयाचा थांबला, की केवळ वल्ह्याचा आवाज राहतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीची लाट आली तेव्हा या रानामागच्या वस्त्यांची हानी उघड्या किनाऱ्यावरील वस्त्यांपेक्षा कमी झाली. खाऱ्या पाण्यात उभी असलेली ही झाडे इमारतीस उपयोगी नाहीत. पण त्या सकाळी त्यांनी माणसे वाचविली.

तरंगमबाडी

कोळ्ळिडम नदी ओलांडली की आपण कावेरीच्या प्रदेशात येतो. मकरसंक्रांतीचे, म्हणजे तेथील पोंगलचे दिवस होते. प्रत्येक दारापुढे कोलम रेखलेले, उंबऱ्याशी ऊस टेकून ठेवलेले, बैलांची शिंगे रंगविलेली. पूम्पुहार येथे कावेरी समुद्रास मिळते. सारे खोरे भिजवून झाल्यावर शेवटी तिच्याजवळ फारसे पाणी उरत नाही. एक क्षीण धार तेवढी सागराला जाऊन भेटते.

‘शिलप्पदिकारम्’ या प्राचीन तमिळ महाकाव्यातील कोवलन आणि कण्णगी हे दांपत्य याच गावचे. कोवलनाने सर्वस्व गमावल्यावर कण्णगीच्या पायांतील पैंजण हेच भांडवल घेऊन ती दोघे पायी मदुरेस निघाली. पुढची कथा दुःखाची आहे : पैंजणाच्या चोरीचा खोटा आळ येऊन कोवलनाला प्राण गमवावा लागला. ही कथा मी सांगून संपविली तेव्हा पत्नी समुद्राकडे पाहत म्हणाली, “ती दोघे निदान बरोबर तरी गेली.” त्यानंतर पुढच्या गावापर्यंत मोटारीत कोणी बोलले नाही.

ते गाव तरंगमबाडी. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी येथे डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला आणि सव्वादोनशे वर्षे व्यापार केला. १८४५ साली त्यांनी हे ठाणे व बंगालमधील श्रीरामपूर ही दोन्ही इंग्रजांना विकली. वेशीचा पांढरा दरवाजा, सरळ रस्ता, दोन जुनी प्रार्थनामंदिरे आणि अगदी पाण्याजवळ किल्ला, एवढेच हे गाव. किनाऱ्यावरचे प्राचीन शिवमंदिर मात्र समुद्राने बरेचसे गिळले आहे.

अनुवादकाच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व निराळेच आहे. १७०६ साली त्सीगेनबाल्ग नावाचा जर्मन धर्मोपदेशक येथे उतरला. मुलांच्या शाळेत मुलांबरोबर बसून, वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत तो तमिळ शिकला. काही वर्षांतच त्याने तमिळ बायबलचा नवा करार येथे छापून काढला. डेन्मार्कच्या दुसऱ्या ठाण्यात, श्रीरामपुरास, विल्यम केरी याने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले. आणि याच तरंगमबाडीस १७५० साली श्वार्त्स नावाचा आणखी एक धर्मोपदेशक आला. तो पुढे तंजावरास गेला, दरबारात वावरता यावे म्हणून मराठीही शिकला आणि तेथील बालराजपुत्र सरफोजी यांचा गुरू व पालक झाला. आमचा रस्ताही आता तंजावरकडेच वळणार होता.

मनोरा आणि लाट

कारैकाल मागे टाकून आम्ही नागूरच्या दर्ग्यापाशी थांबलो. संत शाहुल हमीद यांचा हा दर्गा. याच्या पाच मनोऱ्यांतील सर्वांत उंच, सुमारे १३१ फुटांचा मनोरा तंजावरच्या मराठा राजाने, प्रतापसिंहाने बांधविला. दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक नवस फेडावयास येतात. मराठी राजाने बांधलेला मनोरा तमिळ मुलुखातील दर्ग्यावर दोनशे सत्तर वर्षे उभा आहे आणि तेथे कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. मलाच काय ते वाटले.

नागपट्टणमच्या किनाऱ्यावर आम्ही थोडाच वेळ थांबलो. सुनामीचा सर्वांत मोठा घाव भारतात या जिल्ह्याला बसला. एकट्या या जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. आज होड्या पुन्हा रंगविलेल्या आहेत, जाळी वाळत घातलेली आहेत, मुले वाळूत खेळत आहेत. एक कोळीण मासळीच्या पाटीशेजारी बसून धाकट्या मुलीची वेणी घालीत होती. पत्नी बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग काही न बोलता मोटारीकडे वळली.

तिरुवारूरचा प्रचंड रथ पाहून संध्याकाळी तंजावर गाठले. कर्नाटक संगीताचे तिन्ही महान रचनाकार, श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या तिरुवारूरातच जन्मले. त्या वेळी या भूमीवर राज्य मराठ्यांचे होते.

भिंतीवरची मराठी

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत येथे राज्य केले. या घराण्यातील शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस रचलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतील सर्वांत जुन्या उपलब्ध नाटकांत गणले जाते. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस झाले ते १८४३ साली. याच शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचे एक नाटक लिहिले. त्यात पात्रे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषांत बोलतात. प्रेक्षकांना पाचही समजत असणार. एरवी असे नाटक कोण लिहील?

राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले बृहदीश्वराचे मंदिर सकाळच्या उन्हात मधाच्या रंगाचे दिसते. शिखर सुमारे साठ-पासष्ट मीटर उंच; डोके मागे टाकून पाहता पाहता मान अवघडते. आवाराच्या एका भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला आहे. लेख देवनागरीत, भाषा मराठी आणि लांबी अशी, की चालत चालत वाचावा लागतो. पाच दिवसांत प्रथमच मला वाचता येईल अशी पाटी भेटली होती! मी एक एक ओळ मोठ्याने वाचू लागलो.

“तुम्ही तिकडचे काय?” मागून आवाज आला. उच्चाराला तमिळ वळण, शब्द मात्र चोख मराठी. वळून पाहिले तो नऊवारीही नव्हे आणि तमिळ पद्धतीचीही नव्हे, अशी साधी सुती साडी नेसलेल्या सत्तरीच्या एक बाई, नातवाचा हात धरून उभ्या होत्या. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांबरोबर आले, असे त्यांच्या घरात सांगतात. बोलता बोलता त्यांनी आम्हांला जेवावयास चला म्हणून सांगितले. त्या सांगण्यात नाही म्हणावयास जागा नव्हती.

राजवाड्यामागच्या गल्लीतील ते घर बाहेरून शेजारच्या घरांसारखेच होते. देव्हाऱ्यात तुळजाभवानीची तसबीर आणि शेजारी नटराज. पानात भात, सांबार, कोशिंबीर आणि डांगर पचडी, म्हणजे उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेली. सातारकडे आपण उडदाचे डांगर करतो, त्याचीच ही सख्खी बहीण. सांबाराला संभाजीराजांचे नाव मिळाले, अशी कथा तंजावरात आवडीने सांगतात; आजींनीही ती सांगितली आणि सांगताना स्वतःच हसल्या.

मी न राहवून विचारले, “साडेतीनशे वर्षे तुम्ही मराठी टिकविली तरी कशी?”

“आम्ही काही टिकविली नाही हो,” त्या म्हणाल्या. “शाळा तमिळ, कचेरी इंग्रजी, गाणे तेलुगू, मंत्र संस्कृत. चूल तेवढी मराठी राहिली. सासूबाईंपाशी मीठ मागायचे झाले तर मराठीतच मागावे लागे.”

मग थोडे थांबून त्यांनी जे सांगितले ते मी विसरणार नाही. “बोलणे राहिले, पण लिहिणे सुटले. आजेसासऱ्यांना मोडी येत होती, ह्यांना बाळबोध येत होती. मी बहिणीला मराठीत पत्र लिहिते ते तमिळ अक्षरांत. थोरल्या मुलाकडे परदेशात आता बोलणेही नाही. त्याच्या मुलांशी मी तमिळ बोलते.” त्यांच्या स्वरात दोष देण्याचा भाव नव्हता. धाकट्या नातवाकडे बोट करून त्या म्हणाल्या, “हा बोलतो. आजी जवळ आहे म्हणून बोलतो.”

परकर-पोलके

तिसऱ्या प्रहरी आम्ही सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. नायकांच्या काळात आरंभ झालेल्या या संग्रहाला सरफोजीराजांनी आजचे रूप दिले. १८२०च्या सुमारास काशीयात्रेहून येताना त्यांनी पोथ्यांचा मोठा साठा आणविला. १९१८ पासून हे ग्रंथालय सर्वांना खुले आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी या भाषांतील चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते येथे आहेत. तरंगमबाडीहून आलेल्या श्वार्त्सच्या या शिष्याने देवनागरी छापखानाही काढला होता आणि त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोध मुक्तावली’ हा इसापाच्या गोष्टींचा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक पुस्तक पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, तमिळ मुलुखात निघाले. आणि ते निघाले अनुवाद म्हणून. भाषेला भिंत घालून जपावे, असे मी दीड वर्ष सांगत होतो. येथे उलट पुरावा पुढ्यात होता. ज्या घरात चार भाषा येत-जात होत्या तेथेच मराठीला नवे काही सुचले होते.

सायंकाळी बाजारात पत्नी एका कापडाच्या दुकानापाशी थांबली. तेथे लहान मुलींची रेशमी ‘पावाडै-सट्टै’, म्हणजे आपली परकर-पोलकीच टांगलेली होती. तिने हिरव्या रंगाचे एक निवडले. दुकानदाराने तमिळमध्ये मुलीची उंची विचारली. पत्नीने हात कमरेशी धरला. मग थोडा वर नेला. पुन्हा किंचित खाली आणला. आणि तो हात तसाच राहिला. आपली मुलगी आता केवढी झाली आहे, हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर मलाही नव्हते. “उद्या येतो,” असे सांगून आम्ही बाहेर पडलो.

रात्री साताऱ्यास दूरध्वनी केला. आजोबांनी नातीला दाराच्या चौकटीशी उभी करून फितीने उंची मोजली : एकशे एकोणीस सेंटिमीटर. मागून तिचा ओरडण्याचा आवाज आला, “मी टाचा उचलल्या नव्हत्या!” पत्नीने तो आकडा कागदावर लिहून घेतला आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

“तिला जूनमध्ये आणू,” मी म्हणालो. “मीही चेन्नईहून काम करण्याची परवानगी मागतो.”

“आणि मराठी?” तिने विचारले. त्यात टोमणा नव्हता. तिलाही ती काळजी होतीच.

“चुलीपाशी ठेवू. आणि लिहिणे सुटू द्यावयाचे नाही. दर रविवारी आजीला एक पत्र.”

दुसऱ्या दिवशी हिरवे परकर-पोलके घेतले, एक माप मोठे.

मुलगी जूनपासून चेन्नईस आहे; मला परवानगी मिळण्यास ऑगस्ट उजाडला. रविवारचे पत्र कधी चुकते, कधी दोन ओळींचेच असते. ऱ्हस्व-दीर्घाचा तर आनंदच आहे. परवाच्या पत्रात तिने लिहिले होते, की येथे रांगोळीला कोलम म्हणतात आणि मला आता तमिळची बारा अक्षरे येतात. आजींनी तिच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठविले आहे. खाली एक ओळ आहे : ती बारा अक्षरे पुढच्या पत्रात काढून पाठव, मलाही शिकावयाची आहेत.